धावत्या कुत्र्यास जागच्या जागी आडवे होण्यास शिकविणे

शेवगाव तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी व जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा आहे. इतरत्र कपाशी, तूर, बाजरी व ऊस ही पिके दिसतात. पीक निघाल्यानंतर रानात मेंढ्या बसवून जमिनीस लेंडीखत देण्याची पद्धत शेतकऱ्यांस परिचित आहे. खत हवे असणारा शेतकरी व चारा हवा असणारा मेंढपाळ या दोघांचेही हित त्यात साधते. परंतु एका रानातून दुसऱ्या रानात कळप नेताना रस्ता ओलांडावाच लागतो. शेवगावहून गेवराई, पैठण, नेवासे व पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची वर्दळ असते. उसाच्या गळीत हंगामात तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर व भरलेल्या मालमोटारी दिवसरात्र धावत असतात.

अशा वेळी काय घडते, त्याचा विचार करावा. दिवस मावळतीस आलेला आहे. कळप रस्ता ओलांडून पलीकडे गेला आहे. परंतु सात-आठ महिन्यांचे एक तरुण कुत्रे ससा दिसल्यामुळे अलीकडच्या बाजूस मागे राहिले आहे. धन्याच्या ध्यानात ते येते व तो हाक मारतो, ‘ये, ये!’ कुत्रे आज्ञाधारक असल्यामुळे सरळ धन्याकडे धाव घेते. त्याच क्षणी उसाचा ट्रॅक्टर येतो. भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर जागच्या जागी थांबविणे चालकास शक्य नसते. कुत्रे चाकाखाली जाते. आणि त्यास वाचविण्यासाठी चालकाने एकाएकी वाट बदलल्यास रस्त्याकडेच्या मेंढ्या व माणसे यांसही धोका पोहोचतो. येथे कुत्र्याने आज्ञा मोडलेली नाही. आज्ञा पाळली म्हणूनच ते दगावले. त्यास ‘ये’ एवढेच ठाऊक होते. ‘जेथे आहेस तेथेच पोटावर बस’ हे कोणी शिकविलेले नव्हते.

प्रस्तुत पाठात या दुसऱ्या आज्ञेचा विचार केला आहे. चालत अथवा धावत असलेल्या कुत्र्याने शब्द ऐकताच चारी पाय मोडून पोटावर बसावे आणि पुढील आज्ञा होईपर्यंत तेथून हलू नये, हे या शिक्षणाचे उद्दिष्ट होय.

आडवेच का व्हावे?

नुसते ‘थांब’ म्हणून भागणार नाही काय, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. उभे असलेले कुत्रे हे अर्धे निघालेलेच असते. एक पाऊल पुढे टाकण्यास त्यास क्षणही लागत नाही. पोटावर बसलेल्या कुत्र्यास निघण्यापूर्वी उठावे लागते व तेवढ्यात धन्यास दुसरा शब्द उच्चारता येतो. शिवाय कुत्रे आडवे झाले की मेंढ्यांची भीती कमी होते व बिथरलेला कळप लवकर स्थिर होतो. वस्तीवरील पाहुणा, शाळेत जाणारी मुले अथवा दुचाकीस्वार यांच्या अंगावर कुत्रे धावून गेल्यासही हीच आज्ञा उपयोगी पडते.

ब्रिटनमधील मेंढपाळ या आज्ञेस फार महत्त्व देतात. तेथे मेंढीकुत्र्यांची पहिली नोंदलेली जाहीर चाचणी १८७३ साली वेल्समधील बाला येथे झाली. त्या देशातील बॉर्डर कॉली जातीचे कुत्रे कळपाभोवती धावून मेंढ्या वळविते, आणि दूर उभ्या असलेल्या धन्याची आज्ञा अथवा शीळ ऐकताच धावता धावता जमिनीवर बसते. आपल्याकडील धनगरी कुत्र्याचे काम मात्र निराळे आहे. ते कळप वळविणारे नसून मुख्यतः राखण करणारे आहे. लांडगा, बिबट्या व चोर यांची चाहूल घेणे आणि भुंकून धन्यास जागे करणे हा त्याचा धर्म होय. म्हणून परदेशी कुत्र्याची सर्व कसरत आपल्या कुत्र्याकडून अपेक्षू नये. परंतु ही एक आज्ञा कोणत्याही जातीच्या कुत्र्यास शिकविता येते, व तिच्यामुळे त्याच्या राखणीच्या गुणास बाध येत नाही.

पूर्वतयारी

पिलू आठ-दहा आठवड्यांचे झाल्यापासून खेळत खेळत पोटावर बसण्यास शिकविण्यास हरकत नाही. चालत्या अवस्थेतील पाठ मात्र चार-पाच महिन्यांचे झाल्यावर आरंभावेत. वर्षाच्या आतील कुत्र्याची हाडे व सांधे वाढीस लागलेले असतात. यास्तव त्यास भरधाव धाववून वारंवार एकदम बसविणे टाळावे.

शिक्षणाच्या आधी पिलाचे आरोग्य पाहावे. वयाच्या तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, लस टोचून घ्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमितपणे द्याव्यात. जंतांचे औषधही वेळच्या वेळी पाजावे.

बक्षीस म्हणून भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे अथवा शिजविलेल्या मांसाचा हरभऱ्याएवढा कण पुरतो. मेलेल्या वा कापलेल्या मेंढीचे कच्चे काळीज, फुप्फुस अथवा डोके कुत्र्यास कदापि घालू नये. त्यातील जलकोष्ठांपासून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात व त्यांची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर पडतात. अशा एका कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत कोष्ठ तयार होऊन ती गोल गोल फिरू लागते, तर दुसऱ्या एका कृमीमुळे माणसाच्या यकृतात व फुप्फुसात गाठी होतात. कुत्र्यास कांदाही अपायकारक आहे. म्हणून कांदा घातलेले कालवण बक्षीस म्हणून देऊ नये.

जागा मऊ निवडावी. धसकटांच्या रानात, सराट्यांत अथवा पऱ्हाटीच्या खुंटांवर पोट टेकण्यास कुत्रे नाखूश असते. तो त्याचा हट्ट नसून शहाणपणा आहे. उन्हाळ्यात पाठ सकाळी अथवा सायंकाळी घ्यावा. आपल्या हाताचा पालथा पंजा जमिनीवर ठेवून पाहावा; आपणास चटका बसत असल्यास कुत्र्यासही बसेल. कुत्र्याच्या गळ्यात काटेरी पट्टा असल्यास पाठापुरता तो काढून रुंद, मऊ पट्टा घालावा.

शब्दाची निवड

आज्ञेचा शब्द एकच, आखूड व दैनंदिन बोलण्यात वारंवार न येणारा असावा. ‘बस’ हा शब्द घरात दिवसभर कानी पडतो. पाहुण्यास ‘बसा’ म्हणतात, वाढणाऱ्यास ‘बस’ म्हणतात आणि गावास जाणारी गाडीही बसच. ‘पड’ हा शब्द ‘पळ’ या शब्दाच्या इतका जवळचा आहे की दुरून व वाऱ्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात. आणि या दोहोंचा घोटाळा झाल्यास परिणाम नेमका उलटा होईल. ‘नीज’ हा शब्द यापेक्षा सोयीचा आहे. त्यातील पहिला स्वर लांबविता येतो व ‘ये’, ‘चल’ या शब्दांशी त्याचे साम्य नाही. अर्थाची चिंता करू नये. कुत्रे अर्थ नव्हे, तर ध्वनी ओळखते. शब्दासोबत उजवा हात सरळ वर करण्याची खूणही लावून द्यावी, म्हणजे वाऱ्यात शब्द विरला तरी खूण दिसते.

कुत्र्यास मोकळे करण्यासाठीही एक शब्द हवा. त्यासाठी ‘चल’ हा पुरेसा आहे. निवडलेले शब्द घरातील सर्वांनी, बिऱ्हाड हाकणाऱ्या स्त्रियांनी व मुलांनीही, जसेच्या तसे वापरावेत.

पहिला पाठ : उभ्या जागी

कुत्रे समोर उभे असताना बक्षिसाचा कण त्याच्या नाकाशी धरावा आणि हात सावकाश त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये जमिनीपर्यंत न्यावा. नाक खाली जाते व पाठोपाठ अंग खाली येते. पुढच्या पायांची कोपरे जमिनीस टेकताच ‘शाबास’ म्हणावे व कण तेथेच, त्याच्या पायांमध्ये द्यावा. पाठीवर दाब देऊन बसवू नये. दाबल्यास कुत्रे उलट जोर लावते व शिकण्याऐवजी झगडू लागते.

कुत्रे हातामागे बिनचूक खाली जाऊ लागले म्हणजे आधी ‘नीज’ म्हणावे, क्षणभर थांबावे व मग हात न्यावा. काही दिवसांत शब्द ऐकताच ते आपण होऊन खाली बसते. रोज दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे, एवढा सराव पुरे. कुत्रे कंटाळण्यापूर्वीच पाठ संपवावा.

दुसरा पाठ : बसून राहणे

आता बक्षीस देण्यापूर्वी मनात दोन अंक मोजावेत, पुढे पाच, मग दहा व वीस. नंतर एक पाऊल दूर जाऊन परत यावे, मग तीन, मग दहा. कुत्रे उठल्यास रागावू नये; त्यास मुकाट्याने मूळ जागी आणून पुन्हा बसवावे व या खेपेस कमी अंक मोजावेत.

येथे या संपूर्ण शिक्षणातील मुख्य नियम सांगावयाचा आहे. बक्षीस कुत्रे जेथे बसले असेल तेथेच जाऊन द्यावे. त्यास हाक मारून जवळ बोलावू नये व आपल्या पायाशी बक्षीस देऊ नये. ज्या जागी खाऊ मिळतो त्या जागेकडे कुत्र्याचे मन ओढ घेते. तो धन्याच्या पायाशी मिळत असेल, तर पोटावर बसलेले कुत्रेही हळूहळू धन्याकडे सरपटू लागते. घरच्या अंगणात हा दोष क्षुल्लक वाटतो. पण मध्ये रस्ता असेल तेव्हा त्याच चार हातांच्या सरपटण्याने जीव जातो. धन्यास चालण्याचे कष्ट पडतात हे खरे. पण ते घेतल्याखेरीज ही विद्या पक्की होत नाही.

तिसरा पाठ : सोबत चालताना

कुत्र्यास दोरीने डाव्या बाजूस घेऊन सावकाश चालावे. चालता चालता ‘नीज’ म्हणावे व आपणही थांबावे. उभ्या जागी शिकलेले कुत्रे येथे गोंधळते, कारण त्याच्या समजुतीने ‘नीज’ म्हणजे ‘धन्यासमोर उभे असताना खाली बस’ एवढेच असते. म्हणून आरंभी पुन्हा हाताची मदत द्यावी. चार-सहा दिवसांनी आपण न थांबता चाल केवळ मंद करावी. त्यानंतर शब्द उच्चारून आपण दोन पावले पुढे जावे, परत यावे व कुत्र्याच्या पायांमध्ये बक्षीस द्यावे. पुढे पाच, दहा, वीस पावले जावे. धनी चालत राहिला तरी आपण बसावयाचे, हे या पाठात कुत्र्यास उमगते. यानंतर हाच क्रम झपाट्याने चालून व शेवटी हलके धावून करावा.

चौथा पाठ : कुत्रे दूर असताना

हा पाठ सर्वांत कठीण आहे. त्याची घाई करू नये. वीस हात लांबीची हलकी दोरी पट्ट्यास बांधून तिचे टोक घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावे. आपण समोर दोरीच्या टप्प्यापलीकडे उभे राहून कुत्र्यास बोलवावे. ते संथपणे येत असताना निम्म्या वाटेवर ‘नीज’ म्हणून हात वर करावा. मागच्या माणसाने दोरी हळुवार आवरावी. हिसका देऊ नये, अन्यथा मानेस इजा होते. कुत्रे बसताच आपण चालत त्याच्याकडे जावे व तेथेच बक्षीस द्यावे.

दुसरीही एक युक्ती उपयोगी पडते. कुत्रे आपणाकडे येत असताना ‘नीज’ म्हणावे व ते बसताच बक्षिसाचा तुकडा त्याच्या पाठीमागे फेकावा. बक्षीस पुढे नसून मागे येते हे कळल्यावर पुढे सरपटण्याची ओढ आपोआप कमी होते.

दर तीन-चार खेपांतून एकदाच मध्ये बसवावे; उरलेल्या खेपांना त्यास थेट जवळ येऊ देऊन कौतुक करावे. प्रत्येक वेळी वाटेत बसविले गेल्यास कुत्रे हाकेसरशी धावत येण्याऐवजी चाचरत येऊ लागते व एक आज्ञा शिकविताना दुसरी बिघडते.

पाचवा पाठ : कळपाजवळ

मेंढ्या वाघरात असताना, दोरी लावलेल्या कुत्र्यास बाहेरून दूर अंतरावरून फिरवावे व मध्येच ‘नीज’ म्हणावे. ते बसल्यास क्षणभराने ‘चल’ म्हणून पुन्हा कळपाकडे जाऊ द्यावे. येथे खाऊपेक्षाही कामावर परत जाण्याची मुभा हेच मोठे बक्षीस ठरते. ‘नीज’ म्हणजे मौजेचा शेवट नव्हे, असे कुत्र्यास वाटले पाहिजे. हळूहळू अंतर कमी करावे. मग चरत्या कळपाजवळ हाच सराव करावा.

रस्त्याचा सराव वाहत्या रस्त्यावर मोकळ्या कुत्र्यानिशी कधीही करू नये. शेतातील गाडीवाट हाच रस्ता मानावा. कळप पलीकडे, कुत्रे अलीकडे व दोरी दुसऱ्या माणसाच्या हाती, अशी रचना करून ‘नीज’ म्हणावे, वाट ओलांडून कुत्र्याकडे जावे, त्याचा पट्टा धरावा व मगच दोघांनी मिळून वाट ओलांडावी. प्रत्यक्ष रस्त्यावरही हाच क्रम पाळावयाचा आहे. शिक्षण पक्के झाले तरी मोठा रस्ता ओलांडताना तरुण कुत्रे दोरीवरच असावे. आज्ञा ही दोरी सुटल्या प्रसंगासाठी आहे. दोरीच्या ऐवजी नाही.

नेहमी आढळणारे दोष व त्यांचे उपाय

१. आज्ञा पुन्हा पुन्हा उच्चारणे. ‘नीज, नीज, नीज’ असे म्हटल्यास कुत्रे तिसऱ्या शब्दावर बसावयास शिकते. एकदाच म्हणावे; न बसल्यास जवळ जाऊन हाताची मदत द्यावी व पुढील खेपेस पाठ सोपा करावा.

२. कुत्रे फक्त मागील अंग टेकते. बक्षीस देण्याची घाई झाल्याचे हे लक्षण आहे. पुढच्या पायांची कोपरे टेकल्याखेरीज बक्षीस देऊ नये.

३. कुत्रे सावकाश, नाइलाजाने बसते. जमीन टोचत किंवा तापलेली आहे काय, हे प्रथम पाहावे. तसे नसल्यास पाठ लांबला आहे असे समजावे. चटकन बसल्यास दोन कण, सावकाश बसल्यास केवळ ‘शाबास’ असा भेद करावा.

४. कुत्रे धन्याकडे सरपटते. बक्षीस देण्याची जागा चुकली आहे. दुसऱ्या पाठातील नियमाकडे परत जावे.

५. मारणे. कुत्र्याने मेंढीमागे धाव घेतली, धन्याने ‘नीज’ म्हटले, कुत्रे बसले व मग जवळ जाऊन धन्याने काठी मारली, असा प्रकार पुष्कळदा घडतो. कुत्र्याच्या दृष्टीने ही शिक्षा धावण्याची नसून बसण्याची असते. पुढच्या खेपेस शब्द ऐकताच ते दूर पळेल. ज्या शब्दावर त्याचा जीव अवलंबून आहे तो शब्द भीतीने कधीही विटाळू नये.

रात्रीच्या वेळी लांडगा वा बिबट्या यांची चाहूल लागून कुत्रे भुंकत असेल, तर ‘नीज’ म्हणून त्यास गप्प बसविण्याचा प्रयत्न करू नये. त्या वेळी ते आपले काम करीत असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

हा पाठ व्याख्यानाने शिकविता येणार नाही. शक्य तर एका मेंढपाळाचे कुत्रे आधी महिना-दीड महिना तयार करून घ्यावे व इतरांस ते त्यांच्याच वाड्यावर दाखवावे. दिवाळीनंतर पुष्कळ मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्याच्या शोधार्थ बाहेर पडतात; त्यामुळे पावसाळ्यात, ते गावी असताना, आरंभ करणे सोयीचे ठरते. लसीकरणासाठी कुत्री एकत्र येतात त्या दिवशी पहिला पाठ प्रत्यक्ष करून दाखवावा. तालुक्यात दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकरी मेळाव्यांच्या निमित्ताने अशा प्रात्यक्षिकासाठी तेथे विचारणा करता येईल. मेंढपाळांस आपल्या कुत्र्यांची पारख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, हे कार्यकर्त्याने विसरू नये. त्यांचे अनुभव आधी ऐकावेत व मग आपली पद्धत मांडावी.

सारांश

शब्द एकच असावा व एकदाच उच्चारावा. आधी उभ्या जागी, मग सोबत चालताना, मग दुरून व शेवटी कळपाजवळ, असा क्रम ठेवावा. पुढील पायरी मागील पायरी पक्की झाल्यावरच घ्यावी. बक्षीस कुत्रे जेथे बसले तेथे जाऊनच द्यावे.

कुत्रे रस्त्यापलीकडे दिसले म्हणजे ‘ये’ म्हणून हाक मारावी असे प्रत्येकास मनापासून वाटते. कारण आपले जनावर आपल्याजवळ आले की ते सुरक्षित, अशी आपली समजूत असते. मधून वाहन येत असताना ही समजूत घातक ठरते. त्या क्षणी ‘नीज’ हा शब्द धन्याच्या तोंडून निघावा, यासाठी सरावाची गरज जेवढी कुत्र्यास आहे तेवढीच धन्यासही आहे.